पद्धतीचे स्थलांतर आणि टाकलेले दोन भाग

१

‘विश्लेषण’ हा आजच्या विद्यापीठीय व्यवहारातला बहुधा सर्वांत निर्वेध चालणारा शब्द आहे. मृदाशास्त्राच्या प्रबंधात तो असतो, अर्थशास्त्राच्या प्रबंधात असतो आणि कवितेवरील प्रबंधाच्या शीर्षकातही असतो. शब्द एकच असल्यामुळे कृतीही एकच असावी, असा समज हळूहळू दृढ होत जातो. आणि या समजापाठोपाठ आणखी एक गोष्ट नकळत घडते. एका ज्ञानशाखेने दीर्घकाळच्या कसोट्यांतून मिळवलेला पद्धतीचा अधिकार दुसऱ्या ज्ञानशाखेत कसोटीविना वापरला जाऊ लागतो. हा दोष केवळ ज्ञानमीमांसेच्या पातळीवरचा आहे, की त्याला नैतिक बाजूही आहे, हा प्रस्तुत विवेचनाचा प्रश्न आहे.

प्रश्न नेमका होण्यासाठी एका गावाची कल्पना पुढे ठेवता येईल. वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील वडनेर हे नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे, काळ्या मातीच्या कापूसपट्ट्यातले गाव. अशा गावात विद्यापीठाकडून तीन अभ्यासक येतात असे मानू. पहिला मृदाशास्त्रज्ञ आहे. तो एका शेतातल्या निरनिराळ्या ठिकाणची माती काढतो, घमेल्यात एकत्र करतो, तिचा ढीग पसरून चार भाग पाडतो, समोरासमोरचे दोन भाग टाकून देतो, उरलेले पुन्हा मिसळतो आणि सुमारे अर्धा किलो नमुना हाती येईपर्यंत हीच क्रिया करीत राहतो. दुसरा समाजशास्त्रज्ञ आहे. तो कुटुंबांच्या कर्जाची सरासरी काढतो. तिसरा लोकसाहित्याचा अभ्यासक आहे. तो ओव्यांची आशयसूत्रे ठरवून त्यांच्या वारंवारतेचा तक्ता करतो. तिघेही विश्लेषण करतात. तिघेही काहीतरी मिसळतात, विभागतात आणि काहीतरी टाकून देतात.

मृदाशास्त्रज्ञाने टाकलेले दोन भाग ठेवलेल्या दोन भागांसारखेच असतात. किंबहुना ते तसे व्हावेत म्हणूनच तो माती मिसळतो. त्याच्या टाकण्याला त्या मिसळण्याने अधिकार दिलेला असतो. समाजशास्त्रज्ञाच्या सरासरीत मात्र जे कुटुंब बुडाले ते आणि जे तरले ते एकमेकांत विरघळत नाहीत. विरघळतात ते केवळ कागदावर. ओवीच्या तक्त्यात जी एकुलती ओवी कोणत्याच सूत्रात बसत नाही, ती बाकीच्यांसारखी नसते म्हणूनच बसत नाही. कृती बाह्यतः सारखी असली, तरी टाकण्याचा अधिकार तिन्ही ठिकाणी सारखा नाही. पद्धती एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात नेली जाते तेव्हा तिच्याबरोबर हत्यारे येतात, ती हत्यारे चालवण्याचा अधिकार मात्र आपोआप येत नाही.

२

हा भेद मराठी भाषकांच्या विद्वत्परंपरेला अपरिचित नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकर यांच्या संपादकत्वाखाली पुढे गेले, तेव्हा त्यांच्यापुढे नेमका हाच पेच होता. केंब्रिजला गणित शिकून पुढे बर्लिनला भारतविद्येकडे वळलेल्या सुखटणकरांना युरोपीय पाठचिकित्सेची रीत पूर्णपणे अवगत होती. ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांच्या अभ्यासातून सिद्ध झालेल्या त्या रीतीचे गृहीतक असे की, हस्तलिखितांची वंशावळ मांडता येते. समान चुका समान पूर्वज दाखवतात. आणि या वंशावळीच्या आधारे मूळ पाठापर्यंत मागे जाता येते. महाभारताच्या परंपरेत हे गृहीतक जसेच्या तसे टिकत नाही. येथे प्रती परस्परांत मिसळल्या आहेत, मौखिक आणि लेखी प्रवाह एकमेकांत शिरले आहेत, लेखनिकाने एकापेक्षा अधिक प्रती समोर ठेवल्या आहेत.

सुखटणकरांनी पद्धती नाकारली नाही आणि ती जशीच्या तशी लादलीही नाही. १९३३ साली पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या उपोद्घातात त्यांनी उद्दिष्टच मर्यादित केले: व्यासकृत मूळ ग्रंथ नव्हे, तर उपलब्ध हस्तलिखितांच्या पुराव्यावर गाठता येईल तेवढे प्राचीन रूप. याहून महत्त्वाची गोष्ट त्या आवृत्तीच्या पानावर डोळ्यांना दिसते. जो पाठ पुरेसा निश्चित नाही त्याच्याखाली नागमोडी रेघ आहे. संहितेतून वगळलेल्या ओळी तारांकित क्रमांकाने तळटीपांत आहेत. वगळलेले दीर्घ भाग परिशिष्टात आहेत. संपादकाने निवड केली. पण निवडीबाहेर गेलेले सारे त्याने वाचकाच्या हाती ठेवले. उद्या एखाद्या अभ्यासकाला संपादकाचा निर्णय फिरवावासा वाटला, तर त्यासाठी लागणारी सामग्री त्याच पानावर आहे. मृदाशास्त्रज्ञाने टाकलेले दोन भाग येथे टाकले गेलेले नाहीत. मिसळण्याचा अधिकार नसताना टाकावे लागले, तर टाकलेले जपून ठेवावे, असा एक अलिखित नियम या मुद्रणव्यवस्थेत मूर्त झाला आहे. त्याला संपादनाचे तंत्र म्हणता येईल. परंतु तंत्रापेक्षा तो अधिक आहे. तो वाचकाशी केलेला करार आहे.

३

या प्रश्नाची सर्वांत समृद्ध आणि सर्वांत अवघड सामग्री दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या कार्यात सापडते. १९०७ साली गोव्यात जन्मलेले, हार्वर्डमध्ये शिकलेले, बनारस, अलीगढ, फर्ग्युसन महाविद्यालय आणि पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्था येथे गणित शिकवणारे आणि संशोधणारे कोसंबी नाणकशास्त्र, आनुवंशिकी, पाठचिकित्सा, पुरातत्त्व आणि इतिहास या सर्व प्रांतांत गेले. १९६३ साली भारतविद्येतील संयुक्त पद्धतींविषयी त्यांनी स्वतंत्र निबंधच लिहिला. त्यांच्याविषयीचे लेखन बहुधा या संचाराच्या कौतुकात रमते. कौतुक रास्त आहे. परंतु पद्धती कोठे टिकली, कोठे टिकली नाही आणि का, हे पाहिल्यावाचून त्या संचाराचा बोध हाती लागत नाही.

नाण्यांचे उदाहरण घ्यावे. तक्षशिलेच्या उत्खननात सापडलेल्या रुप्याच्या आहत नाण्यांच्या निधींचा त्यांनी १९४० च्या सुमारास सांख्यिकीय अभ्यास केला. मूळ कल्पना साधी होती: चलनातले नाणे हातोहात झिजते, म्हणून समूहाचे सरासरी वजन काळाबरोबर घटते आणि वजनांमधली तफावत वाढते. नाण्यांच्या मागील बाजूवरच्या छोट्या ठशांची संख्या वाढत जाते तसे सरासरी वजन कमी होत जाते, हे त्यांनी दाखवले. म्हणजे ते ठसे ठरावीक काळाने झालेल्या तपासणीच्या खुणा असाव्यात, असा निष्कर्ष निघाला. पण येथे ध्यानात घेण्याजोगी बाब निष्कर्षाची नाही, पूर्वतयारीची आहे. झीज खरोखरच अशी होते का, हे त्यांनी समकालीन चलनातली नाणी स्वतः तोलून पडताळले होते. ज्या नाण्यांचे टांकसाळ-वर्ष अंगावरच कोरलेले आहे, त्यांच्यावर पद्धती चालते असे दिसल्यानंतरच ती अशा नाण्यांवर नेली, ज्यांच्यावर एकही अक्षर नाही. ज्ञातावर हरण्याची संधी दिल्यावाचून पद्धती अज्ञातावर चालवायची नाही, हे येथील शिस्तीचे सूत्र आहे.

आनुवंशिकीतले उदाहरण याच शिस्तीचे दुसरे रूप दाखवते. गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधले अंतर पुनर्संयोगाच्या प्रमाणावरून कसे काढावे, यासाठी हॉल्डेन यांनी १९१९ मध्ये दिलेले सूत्र एक पुनर्संयोग दुसऱ्याला अडथळा करीत नाही, असे मानून चालत होते. कोसंबींनी १९४४ मध्ये मांडलेल्या सूत्रात हा अडथळा गृहीत धरला: अंतर अत्यल्प असताना तो जवळजवळ पूर्ण, अंतर वाढेल तसा क्षीण. जनुकीय नकाशे तयार करताना आजही हॉल्डेन आणि कोसंबी ही दोन्ही सूत्रे अभ्यासकापुढे पर्याय म्हणून असतात. गणितज्ञाने येथे जीवशास्त्रावर आपले गणित लादले नाही. जीवशास्त्रीय वस्तूचा जो हट्ट आधीच्या सूत्रात दुर्लक्षिला गेला होता, त्याला सूत्रात जागा करून दिली. १९४३ सालच्या फलन-अवकाशातील सांख्यिकीविषयीच्या त्यांच्या निबंधातली रीत पुढे कार्हुनेन आणि लोएव्ह यांच्या नावांनी प्रसिद्ध झाली आणि प्रवाहांच्या खळबळीपासून प्रतिमांच्या संक्षेपापर्यंत अनेक क्षेत्रांत रुजली. तिथे तर पद्धतीचे वैशिष्ट्यच असे आहे की, किती आशय राखला आणि किती सोडला याचे माप ती स्वतःच देते.

४

याच्या अगदी उलट बाजूस रीमान-परिकल्पनेचा प्रसंग आहे. १८५९ साली मांडली गेलेली आणि आजही असिद्ध असलेली ही परिकल्पना अविभाज्य संख्यांच्या वितरणाशी निगडित आहे. कोसंबींनी संभाव्यताशास्त्राच्या मार्गाने तिच्यावर चढाई केली आणि १९५९ मध्ये कृषी-सांख्यिकीला वाहिलेल्या एका भारतीय नियतकालिकात आपला युक्तिवाद प्रसिद्ध केला. गणितज्ञांनी तो स्वीकारला नाही. १९६२ मध्ये टाटा संस्थेतील त्यांची नेमणूक संपली, त्या सुमाराच्या वादंगातही या निबंधाचा उल्लेख होत राहिला.

वैयक्तिक शोकांतिका म्हणून या प्रसंगाकडे पाहण्याचे कारण नाही. त्यातला तात्त्विक धडा स्वच्छ आहे. संभाव्यतेचे विधान समूहाविषयी असते: अशा प्रकारच्या क्रमांपैकी जवळजवळ सर्व क्रम अमुक रीतीने वागतात. अविभाज्य संख्यांचा क्रम मात्र एकच आहे, तो जसा आहे तसाच आहे. ‘जवळजवळ सर्व’ यातून ‘हाच’ हाती येत नाही. नाण्यांच्या बाबतीत समूहाविषयीचे विधान पुरेसे होते, कारण प्रश्नच समूहाविषयी होता. एखादे नाणे अपवादाने जड निघाले तरी निष्कर्ष ढळत नव्हता. येथे प्रश्न एकमेवाविषयी होता. जी पद्धती तक्षशिलेच्या निधीत सार्थ ठरली, तिची प्रकृती येथे प्रश्नाच्या प्रकृतीशी जुळली नाही. आणि गणितासारख्या क्षेत्रात ही गोष्ट लपून राहत नाही. संख्या कोणाची भीड धरीत नाहीत.

साहित्याचा अभ्यासक या ठिकाणी थबकला पाहिजे. कारण त्याचा प्रश्नही बहुतेक वेळा एकमेवाविषयी असतो, पण त्याच्या क्षेत्रात चूक इतक्या लवकर उघडी पडत नाही. एखाद्या कालखंडातील शंभर कवितांविषयी खरे असलेले विधान एकशे एकाव्या कवितेवर लावले, तर कविता निषेध नोंदवत नाही. ती मुकाट्याने उदाहरण होते. निषेध न करू शकणाऱ्या वस्तूशी व्यवहार करताना अभ्यासकाची जबाबदारी वाढते. कमी होत नाही.

५

कोसंबींच्या भर्तृहरी-विषयक लेखनात या दोन्ही प्रवृत्ती एकाच वस्तूभोवती भेटतात. १९४८ मध्ये सिंघी जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चिकित्सक आवृत्तीसाठी त्यांनी शेकडो हस्तलिखितांचा विचार केला. शतकत्रयीतले श्लोक प्रतींगणिक बदलतात; कवीच्या नावावर पुढील शतकांनी भर घातलेली. कोसंबींनी आठशेहून अधिक श्लोकांचे तीन गट केले: सर्व मुख्य परंपरांना समान असलेले २०० श्लोक, त्यानंतर संदिग्ध श्लोक, आणि शेवटी विखुरलेले. मूळ भर्तृहरी सापडला, असा दावा त्यांनी केला नाही. पुरावा जेथे दुबळा होत जातो, तेथे गटाची सीमा आली. सुखटणकरांच्या नागमोडी रेघेचीच ही दुसरी लिपी होय.

परंतु या आवृत्तीच्या सात वर्षे आधी, १९४१ मध्ये, त्यांनी भर्तृहरीच्या काव्यातील वैराग्याच्या गुणवत्तेविषयी एक निबंध लिहिला होता. राजाश्रयावर जगणाऱ्या, आश्रयाअभावी कुढणाऱ्या सुशिक्षित वर्गाची कोंडी या वैराग्यात बोलते, असे त्याचे सूत्र. निबंध तीक्ष्ण आहे आणि त्याने संस्कृत काव्याच्या भाबड्या स्तुतीला दिलेला धक्का आवश्यकही होता. तथापि, येथे पद्धतीने वर्गातून कवीकडे, समूहातून एकमेवाकडे उडी घेतली आहे; आणि ज्या ‘कवी’विषयी ती बोलते, त्याचे श्लोक कोणते, हे अजून ठरायचे होते.

पुढची घटना या प्रश्नाला वेगळीच खोली देते. कोसंबींनी वि. वि. गोखले यांच्यासह संपादित केलेला विद्याकराचा ‘सुभाषितरत्नकोश’ १९५७ मध्ये हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेत निघाला. त्याच्या प्रस्तावनेतही संस्कृत काव्याचे वर्गीय मूल्यमापन होते. त्याच संहितेचे इंग्रजी भाषांतर डॅनियल इंगॉल्स यांनी १९६५ मध्ये त्याच मालेत प्रसिद्ध केले आणि कोसंबींच्या मूल्यमापनाशी आपला तीव्र मतभेद नोंदवला. म्हणजे ज्याने मूल्यनिर्णय नाकारला, त्यानेच संहिता मात्र विश्वासाने स्वीकारली. एकाच विद्वानाच्या दोन कृतींपैकी एक प्रतिपक्षाच्याही उपयोगी पडली, दुसरी पडली नाही. याचे कारण ‘पाठचिकित्सा वस्तुनिष्ठ आणि मूल्यनिर्णय व्यक्तिनिष्ठ’ असे ठोकळेबाज नाही. पाठचिकित्सेने आपला अवशेष दाखवला होता, म्हणून तिच्यावर मतभेद असणाऱ्यालाही उभे राहता आले. मूल्यनिर्णयाने न बसणारे श्लोक दाखवले असते, तर त्याच्याशीही असाच फलदायी वाद शक्य होता.

६

वर्धा जिल्ह्याचा या साऱ्याशी असलेला संबंध केवळ कल्पित नाही. दामोदर कोसंबींचे वडील, बौद्ध विद्येचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांनी सेवाग्रामच्या आश्रमात अन्न वर्ज्य करून जून १९४७ मध्ये देह ठेवला. पाली ग्रंथांच्या संशोधनात आयुष्य घालवलेल्या या विद्वानाने अखेरच्या काळात पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्माचे विवेचन केले होते. ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. देहत्यागाचा हा मार्ग त्या चिंतनापासून वेगळा काढता येत नाही.

वैराग्याच्या काव्याचे वर्गीय विश्लेषण १९४१ मध्ये लिहिले गेले. वैराग्याची ही कृती १९४७ मध्ये घडली. या दोहोंमध्ये पुत्राच्या मनाचा धागा जोडण्याचा मोह टाळला पाहिजे. तो अधिकार कोणत्याही समीक्षकाला नाही. विचारण्याजोगा प्रश्न पद्धतीविषयीचा आहे. वैराग्य ही वर्गाच्या कोंडीची अभिव्यक्ती असते, हे सूत्र सेवाग्रामच्या त्या घटनेपुढे काय म्हणेल? ते काही म्हणू शकेल, हे खरे. कोणत्याही कृतीला सामाजिक भूमी असतेच आणि ती दाखवता येते. पण भूमी दाखवून झाल्यावर जे उरते, म्हणजे एका विशिष्ट माणसाने एका विशिष्ट दिवशी अन्न दूर सारण्याचा घेतलेला निर्णय, ते सूत्रात विरघळत नाही. ते चुकीचे होते की बरोबर, स्तुत्य की निंद्य, हा स्वतंत्र वाद आहे. आणि तो वाद तरी शक्य व्हावा यासाठी ती कृती त्या माणसाची म्हणून शिल्लक राहावी लागते. विश्लेषणाने ती पूर्णपणे कारणांत विरघळवली, तर समर्थनालाही जागा उरत नाही आणि टीकेलाही नाही.

येथे पद्धतीचा प्रश्न नैतिक होतो. न्यायाने पाहायचे तर एखाद्याला ऐकून घेणे याचा किमान अर्थ असा की, त्याचे म्हणणे आपल्या निष्कर्षाच्या विरुद्ध जाऊ शकेल अशी वाट मोकळी ठेवणे. ज्या विश्लेषणात अशी वाटच नाही, त्यात विषयाला साक्षीदाराचा दर्जा नसतो. तो केवळ मुद्देमाल असतो.

७

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, पद्धती हे साधन आहे. नीती-अनीती साधन वापरणाऱ्याची. परंतु सरासरी काढण्याच्या कृतीतच ‘हे सर्व घटक या प्रश्नापुरते सारखे आहेत’ हे विधान अनुस्यूत असते. मातीच्या बाबतीत ते विधान खरे करण्यासाठी हातांनी मिसळण्याचे श्रम घेतले जातात. माणसांच्या आणि कवितांच्या बाबतीत ते श्रम न घेता विधान तेवढे उचलले जाते. हे विधान साधनात दडलेले असल्यामुळे वापरणाऱ्याला आपण काही विधान केले याची जाणीवही राहत नाही. न जाणवणारे विधान हे न केलेले विधान नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रत्येक अवशेष जपायचा ठरवला, तर ज्ञानच अशक्य होईल. सामान्यीकरणावाचून शास्त्र नाही आणि प्रत्येक ओवीसाठी वेगळा कप्पा करणारा वर्गीकरण करीतच नाही. हा आक्षेप मान्यच केला पाहिजे. जात्यावरच्या ओव्यांच्या ज्या संग्रहाचे काम हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हँ यांनी महाराष्ट्रातील ग्रामीण स्त्रियांसमवेत केले, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. वर्गवारीवाचून एवढ्या सामग्रीत वाटही सापडणार नाही. मागणी वर्गीकरण न करण्याची नाहीच. मागणी तीन साध्या गोष्टींची आहे. पद्धती ज्ञातावर आधी हरू शकेल अशी व्यवस्था असावी. प्रश्न समूहाविषयी आहे की एकमेवाविषयी, हे निष्कर्षाआधी सांगितले जावे. आणि जे बसले नाही, ते वाचकाच्या दृष्टीआड होऊ नये. या तिन्ही गोष्टी कोसंबींच्या उत्तम कामात आहेत. जेथे त्यांतली एखादी सुटली, तेथे त्यांचे असामान्य बुद्धिवैभवही निष्कर्षाला वाचवू शकले नाही. मग सामान्य प्रबंधकाराने ती सवलत स्वतःला कशी द्यावी?

विद्यापीठांची आजची रचना या मागणीला अनुकूल नाही, हेही नमूद केले पाहिजे. प्रबंधाच्या आराखड्यात ‘संशोधनपद्धती’ हे प्रकरण असते आणि ‘निष्कर्ष’ हे प्रकरण असते. ‘न बसलेले’ या नावाचे प्रकरण नसते. परीक्षकाला नीटस तक्ता आवडतो, मार्गदर्शकाला वेळेत पूर्ण झालेले काम हवे असते. न बसणारी ओवी, सरासरीबाहेरचे कुटुंब, सूत्राला न जुमानणारी कविता ही अशा वेळी अडचण वाटते. वास्तविक पद्धतीला तिच्या सीमेची खबर देणारे तेच एकमेव निरोपे असतात.

८

पुन्हा वडनेरकडे यावे. मृदाशास्त्रज्ञ अर्धा किलो माती पिशवीत भरतो, तिला शेताची चिठ्ठी लावतो आणि टाकलेली माती त्याच वावरात पसरून देतो. त्याच्या टाकण्याने शेतकऱ्याचे काही हरवत नाही. जे टाकले ते जिथले तिथेच राहिले. समाजशास्त्रज्ञ आणि साहित्याभ्यासक यांनी टाकलेले मात्र असे आपोआप परत जात नाही. ज्या कुटुंबाची गोष्ट सरासरीत नाहीशी झाली, तिच्यावर पुढे धोरण ठरते. जी ओवी तक्त्याबाहेर राहिली, ती गाणारी म्हातारी गेल्यावर पुन्हा कोणाच्या कानी पडत नाही. म्हणून मातीच्या विश्लेषकाला जे निसर्गतः साधते, ते या दोघांना जाणीवपूर्वक करावे लागते. टाकलेले दोन भाग परत वावरात नेऊन ठेवणे हे त्यांच्या पद्धतीचे शेवटचे, आणि बहुधा सर्वांत कमी शिकवले जाणारे, कलम आहे.